मापाला आणलेला शर्ट

इंदापुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत करुणा चंदनशिवेचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनी, एक उभा आरसा, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि उंबऱ्याशी पाय पसरून हुक लावत बसलेली सासू, भागुबाई. बाहेरच्या पाटीवर करुणाच्या नावाखाली ठळक लिहिलंय, 'माप अंगावर घेतले जाईल'.

आपल्याकडे बायका मापाला एखादा जुना ब्लाऊज पाठवून देतात आणि नवा बिघडला की टेलरच्या नावानं बोटं मोडतात. करुणाला ते चालत नाही. ती बाईला आरशासमोर उभी करते, टेप लावते, आकडे वहीत लिहिते. या पाटीमागं एक गोष्ट आहे आणि ती करुणा नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीतच सांगते. भागुबाई तरुण होती तेव्हा तिच्या गावचा टेलर वस्तीतल्या बायकांना टेप लावत नसे. ओट्याखाली उभं करायचा आणि बाजारात म्हैस बघावी तसं लांबून, नजरेनं माप घ्यायचा. भागुबाईचा लग्नातला ब्लाऊज काखेत इतका ढगळ होता की दोन्हीकडं एकेक कोंबडी मावली असती. "म्हणून माझ्या दुकानात टेप लागल्याशिवाय कात्री चालत न्हाय," असं करुणा शेवटी म्हणायची, आणि म्हणताना तिची मान आपोआप ताठ व्हायची.

दुसरी गोष्ट हसायची होती. दुपारी गिऱ्हाइकं दाटली आणि कुणाचाच ब्लाऊज तयार नसला की करुणा ती काढायची. "अवो, एकदा एक गिऱ्हाईक आलं. म्हणलं, ब्लाऊज शिवायचाय. म्या म्हणलं, माप? तर पिशवीतनं काय काढावं? शर्ट! कॉलर, खिसा, समदं. म्या म्हणलं, बरं बाबा, शिवते की. खिसा कुठल्या बाजूला लावू?" इथं बायका खोखो हसायच्या आणि उशीर झाल्याचं विसरायच्या. अकरा वर्षं या एका शर्टानं करुणाला निभावून नेलं होतं. तिची लेक तेजश्री तर ही गोष्ट ऐकतच लहानाची मोठी झाली. शाळेत असताना ती गिऱ्हाइकांच्या आधीच ओरडायची, "खिसा कुठल्या बाजूला!"

तिसरी गोष्ट नवी होती, दोन वर्षांची.

दोन वर्षांपूर्वी 'घोंगडं' नावाच्या बँडचं गाणं सगळीकडं वाजायला लागलं. लग्नात, ट्रॅक्टरवर, भाजीच्या गाड्यावर. धनगरी ओवी, पण मागं गजीढोलाच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटार. गिटार वाजवणारा समर्थ बारामतीचा. त्यानं एका मुलाखतीत शेजारी बसलेल्या ऋतिकच्या खांद्यावर हात ठेवून "हा माझा जोडीदार" असं सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत तारा पिळत बसला. गाणारी स्वराली, भिगवणजवळच्या डाळजची. ती जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते. ती स्टेजवरून सांगायची, "पेढे चांगले होते म्हणं. नाव तेवढं चुकलं होतं, ते मी नंतर दुरुस्त केलं."

तेजश्रीनं आईच्या नाकासमोर फोन धरला. "मम्मी, बघ ना कसली गाते."

करुणानं चष्मा चढवला. चेहरा काही तिला ओळखू आला नाही. पण डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता होता. माणसाची नावं विसरतील, खांदे कसे विसरतील? तिनं घाईनं चष्मा काढला, आणि तोंडातून मात्र निघालं, "अगं, हिचा पहिला ब्लाऊज म्या शिवलाय."

तिथं थांबली असती तरी चाललं असतं. पण तेजश्रीचे डोळे असे काही चमकले की विचारू नका. बारामतीला कॉलेजात गेल्यापासून तिला आईची प्रत्येक गोष्ट जुनाट वाटत होती, आणि आता ती गळ्यात पडून विचारत होती, "खरंच? तू? त्या वेळेला? कुणी शिवून दिलं नसतं गं!" मग करुणानं गोष्टीत त्या पोराला चहा पाजला. पुढच्या वेळी सांगताना स्टुलावर बसवलं. तिसऱ्या वेळेपर्यंत ब्लाऊजच्या मागच्या नाडीला फुकटात लटकनही लागलं. गल्लीत करुणाचा भाव वाढला. दुसरी आणि तिसरी गोष्ट एकाच दुपारची आहे हे जगात फक्त भागुबाईला माहीत होतं, आणि ती दातात दोरा धरून बसली होती.

खरी दुपार अशी होती. सतरा-अठरा वर्षांचं कॉलेजचं पोर आलं. खांद्याला सॅक, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मोरपंखी कापड. दुकानात चार बायका बसलेल्या.

"ब्लाऊज शिवायचाय."

"कुणाला?"

"बहिणीला."

"मग तिला घिऊन ये. म्या अंगावर माप घेते."

पोरानं सॅकमधून कॉलेजचा पांढरा शर्ट काढला, घडी घातलेला. "ह्याच्या मापाचा शिवा."

बहीण नाही, हे करुणाला तेव्हाच समजलं होतं. पोराची नजर दोनदा आरशाकडं जाऊन आली होती. चार बायका करुणाकडं बघत होत्या आणि करुणाला चार बायका आपल्याकडं बघत असल्या की काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही, हा जुना रोग. ती म्हणाली, "खिसा कुठल्या बाजूला लावू?" बायका हसल्या. पोरही हसलं. करुणानं शर्ट टेबलावर पसरला, शर्टाला टेप लावली, आकडे लिहिले आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं.

ते गेल्यावर, बायकाही गेल्यावर, भागुबाईनं एवढंच विचारलं, "करुणे, पाटी खाली उतरवू का?"

आठ दिवसांनी पोर आलं आणि उघडून न बघता ब्लाऊज घेऊन गेलं. शर्ट राहिला.

आणि आता 'घोंगडं'चा कार्यक्रम बारामतीच्या नाट्यगृहात होता, रविवारी दुपारी चारला. तेजश्रीनं दोन तिकिटं काढली. तेवढ्यावर भागलं नाही. तिनं बँडला मेसेज केला, 'स्वरालीताईंचा पहिला ब्लाऊज शिवणारी माझी मम्मी येणार आहे.' उत्तर आलं, 'टेलरबाईंना नक्की घेऊन या. त्यांची चांगली आठवण आहे.'

"बघ मम्मी, चांगली आठवण आहे म्हणतायत."

करुणानं ते वाक्य चार वेळा वाचलं. 'चांगली' हा शब्द दोन्ही अंगांनी घालता येईल असा शिवलेला होता. मग तिनं न जाण्याची कारणं काढायला घेतली. लग्नसराईचं काम पडलंय.

"सप्टेंबरात कसली लग्नसराई?"

गुडघा धरलाय.

"बसूनच ऐकायचंय."

निमगावच्या मावशी सिरियस आहेत.

"त्या गेल्या वर्षीच वारल्या, मम्मी. तूच रडली होतीस."

भागुबाई उंबऱ्यातून म्हणाली, "जा की गं. येवढी वळख हाय तर. चहा पाजलेली." आणि दोरा तोडला.

रविवारी नेसायला काढलेल्या साडीवर करुणाकडं धड ब्लाऊज नव्हता. गावभरच्या बायकांचे ब्लाऊज शिवणारीच्या स्वतःच्या अंगावर नेहमी तीन वर्षांपूर्वीचा ब्लाऊज असतो. त्यातल्या त्यात बरा निवडला, तर त्याची उजवी काख उसवलेली. आता शिवायला बसलं तर एसटी जाईल. तिनं सेफ्टीपिन लावली आणि स्वतःलाच बजावलं, हात वर करायचा नाही. निघताना भागुबाईनं तिच्या पिशवीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी कोंबलं.

"आत्या, हे काय?" सासूला ती आत्या म्हणायची.

"गिऱ्हाइकाचा मापाचा कपडा परत द्यायचा आसतो. तूच शिकीवलंय आमाला."

अकरा वर्षं म्हातारीनं तो शर्ट ट्रंकेत जपून ठेवला होता. करुणाला वाटलं होतं तो कधीच मशीन पुसायच्या फडक्यात गेला.

एसटीत तेजश्री खिडकीशी बसून सगळ्या मैत्रिणींना फोन करत होती. "हो, माझी मम्मीच. हो गं, स्टेजवर बोलावतील बहुतेक." करुणा पिशवी मांडीवर गच्च धरून बसली होती. तिला एकच भीती होती. स्वराली चिडेल, चारचौघांत बोलेल, ते एक वेळ परवडलं. पण ही पोर, जी दोन वर्षं आईचं नाव एवढ्या तोऱ्यात घेत होती, तिला कळलं की ज्या विनोदावर ती लहानपणी टाळ्या पिटायची तो कुणाचा होता, तर?

नाट्यगृहाच्या दारात पिशवी तपासणाऱ्यानं कात्री बाहेर काढली.

"बाई, हे काय?"

"कात्री."

"ते दिसतंय. गाण्याला कात्री कशाला?"

"टेलर हाय म्या. पिशवीतच आसती."

"परत जाताना न्या." त्यानं टेप मात्र राहू दिली. कागदात गुंडाळलेलं उघडून बघितलं, शर्ट दिसला, पुन्हा गुंडाळला. करुणाला वाटलं, हा तरी जप्त करायचा.

आत अर्धं बारामती होतं. कॉलेजची पोरं, त्यांच्या केसांचे नाना रंग, आणि मधेमधे आपल्याकडच्या पांढऱ्या टोप्या. करुणाच्या शेजारी अशीच एक टोपी येऊन बसली.

"बाई, हितं चार नंबर हाय ना? म्या मानसिंग. डाळजचा. आमचीच पोरगी हाय ही."

"नातं लागतं का, तात्या?"

"गावची हाय म्हंजी आमचीच. हिचा आजा मेंढरं राखायचा आन रातभर ओव्या गायचा. गळा त्येचाच आलाय." तात्यांनी तंबाखूची पुडी काढली, आजूबाजूला बघून परत ठेवली. "खोटं कशाला बोला, आमाला तिला पोरगी म्हणायला चार-पाच वरसं गेली. जीभ वळायची न्हाय. आता जत्रंला तिचा फ्लेक्स लावतो आमी. सरपंचापरास मोठा."

दिवे गेले. आधी ढोल वाजला, मग समर्थनं गिटारवर असा काही हात मारला की तात्या खुर्चीतून वीतभर उडाले.

"बाई, हे गाणं हाय का भांडाण?"

"थांबा की तात्या. ती यायचीय अजून."

स्वराली आली. मोरपंखी साडी, मोकळे केस, कपाळाला भंडारा. गर्दीनं जो आवाज केला त्यात करुणाचा "अगंबाई" बुडून गेला. ती गायला लागली,

कळपातली मेंढी गं, वाट सोडून गेली,
गेली न्हाय गं बाय, तिनं नवी वाट केली.

करुणा ऐकत होती असं म्हणणं खोटं ठरेल. ती ब्लाऊज बघत होती. पाठीचा गळा छान बसला होता, पण डाव्या खांद्याला सुरकुती होती. कुणीतरी पुण्याबिण्याच्या शहाण्यानं दोन्ही खांदे सारखे धरले होते. दुसऱ्या कडव्याला मात्र तिचं माप चुकलं. आवाज खालून वर गेला, गिटार त्याच्यामागं गेली, आणि करुणाच्या अंगावर कोपरापर्यंत काटा आला. पुढची पोरं उभी राहून नाचत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती, एक पोरगी दुसरीचा हात हातात घेऊन रडत होती. तात्या मांडीवर ठेका धरत होते आणि तो चुकत होता. तेजश्री पाठ असलेलं गाणं मोठ्यानं म्हणत होती. करुणानंही टाळ्या वाजवल्या, कोपरं बरगड्यांना चिकटवून, कारण पिन.

चार गाण्यांनंतर स्वरालीनं पाणी प्यायलं आणि माइक हातात घेतला.

"ही साडी बघताय न्हवं? माझा पयला ब्लाऊज बी ह्याच रंगाचा होता. इंदापुरात शिवलेला."

तेजश्रीनं आईचा हात दाबला. "मम्मी! आलं!"

"दोन टेलरांनी दारातनं हाकललं. तिसऱ्या दुकानाच्या पाटीवर लिव्हलं व्हतं, माप अंगावर घेतले जाईल. आठ दिवस त्या पाटीखालनं चकरा मारल्या म्या. वाटलं, हितं कुणीतरी मला टेप लावील. पर आत गेले आन घाबरले. म्हणलं, बहिणीला शिवायचाय. बाई म्हणल्या, माप? म्या आपला कॉलेजचा शर्ट काढून ठिवला." पोरं हसायला लागली. स्वराली थांबली, तिला थांबायचं बरोबर कळत होतं. "तर बाई म्हणल्या, खिसा कुठल्या बाजूला लावू?"

नाट्यगृह गडगडलं. अकरा वर्षांत करुणाच्या या वाक्याला एवढा हशा कधी मिळाला नव्हता.

तेजश्री हसली नाही. तिचा हात अजून आईच्या हातात होता, पण आता तो नुसता ठेवल्यासारखा होता. मग तिनं तो काढून घेतला.

"शर्टवालं गिऱ्हाईक," ती हळू म्हणाली. "मम्मी, ती ही होती?"

करुणानं मान डोलावली.

"मी टाळ्या वाजवायचे त्याच्यावर."

स्टेजवर स्वराली सांगत होती, "म्या बी हसले. काय करणार? मग स्टँडवर यिऊन बसले, आन डाळजच्या दोन एसट्या डोळ्यांदेखत सोडल्या. घरी कुठलं तोंड घिऊन जायचं ते ठरंना." आता कुणी हसत नव्हतं. "ब्लाऊज मातर शिवून मिळाला. पुढनं पोतं, मागनं झबलं. पयल्या कार्यक्रमाला सोळा पिना लावून घातला. आन त्या बाई आज हितं आल्यात म्हणं. कुठं बसल्यात?"

प्रेक्षकांवर दिवे आले. माना वळायला लागल्या.

"कोण ती भवानी?" तात्या म्हणाले. "मला तोंड तर बघू द्या तिचं."

तेजश्री समोर बघत होती. "बस गुपचूप," ती म्हणाली. "नाव कुणाला माहीत नाही. आपण निघू मागनं."

पोर आईला झाकत होती. चोराला झाकावं तशी, तोंड फिरवून. करुणाला मोह झाला. अंधारात खाली वाकून चप्पल शोधायची आणि दिवे जाईपर्यंत शोधत राहायची. घरी जाऊन चौथी गोष्ट रचता आली असती, त्यात ती तापानं फणफणली असती. गोष्टी रचण्यात तिचा हात कात्रीपेक्षा चांगला चालायचा. पण शेजारी बसलेल्या पोरीला ती कुठल्या तोंडानं सांगायची?

ती उठली. बोलायला गेली तर आवाज फुटेना. एवढी बडबडी बाई, आणि ऐन वेळेला घशातून हवा. मग तिनं पिशवीतला कागद फाडला, शर्ट काढला आणि रेल्वेचा गार्ड झेंडा दाखवतो तसा डोक्यावर धरला.

काख उसवली. पिन सुटून दंडात घुसली. "आई गं!" एवढंच काय ते करुणा चंदनशिवे भर नाट्यगृहात बोलली.

सगळे हसले. पुढच्या रांगा वळून हसल्या, मागच्या उभ्या राहून हसल्या, समर्थनं गिटारवर एक किणकिणाट केला. करुणा हातात शर्ट धरून उभी होती आणि हसू चारी बाजूंनी अंगावर येत होतं. त्या दुपारच्या चार बायकांचं हसू केवढं असेल, याचा तिनं मनात हिशोब लावून बघितला. हे तरी पाचशे-सहाशे जण होते आणि ती एक्कावन्न वर्षांची होती. ते पोर सतरा वर्षांचं होतं.

स्वराली डोळ्यांवर हात धरून बघत होती. "कॉलरला शाई हाय का?"

करुणानं शर्ट खाली घेऊन बघितला. "हाय."

"मग माझाच. बसा बाई. संपल्यावर मागं या."

तात्यांनी बराच वेळ करुणाकडं बघितलं. मग खिशातली पुडी काढली, आणि आपण खाण्याआधी तिच्यापुढं धरली. "घ्या. तुमास्नी लागंल आता."

कार्यक्रम साडेसहाला संपला. मागच्या खोलीत ऋतिक वायरी गुंडाळत होता. समर्थनं दोन खुर्च्या पुढं ओढल्या. "बसा, काकू. दंडाला लागलं का? डेटॉल देऊ?"

करुणा बसली नाही. स्वराली आरशासमोर बांगड्या काढत होती. करुणानं शर्ट टेबलावर ठेवला.

"म्या जपला नव्हता," ती म्हणाली. "माझ्या सासूनं जपला. माझं चुकलं. तुला टेप लावायला पायजे व्हती."

"व्हय," स्वराली म्हणाली. "चुकलं."

आणि थांबली. करुणाची समजूत होती की माफी मागितली की समोरचा 'जाऊ द्या' म्हणतो. स्वराली काही तसं म्हणाली नाही. तिनं शर्ट उचलला, खांद्याला लावून बघितला आणि हसली. "केवढी बारीक व्हते म्या."

"हा ब्लाऊज कुणी शिवला?" करुणाला राहवलं नाही.

"का?"

"डाव्या खांद्याला चुणी पडती. तुझा डावा खांदा अर्धा इंच उतरता हाय."

"आकरा वरसं ध्यानात ठिवला?"

"खांदा ठिवला," करुणा म्हणाली. "बाकीचं सोयीनं विसरले."

मग तिनं पिशवीतून टेप काढली. हातात धरून उभी राहिली, आणि तीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाला जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "लावू का?"

स्वराली आरशासमोर सरळ उभी राहिली. "लावा. जाडी झालीय आता. टेप पुरंल का बघा."

करुणानं टेप लावली. छाती, कंबर, बाही, दोन्ही खांदे वेगवेगळे. ती आकडे बोलत होती, पण लिहायला वही नव्हती. दाराशी उभी असलेली तेजश्री दोन मिनिटं तशीच राहिली. मग तिनं फोन काढला आणि आईकडं न बघता आकडे लिहून घ्यायला लागली. दुकानात तिला आकडे लिहायला लावायचं म्हणजे दर वेळी भांडण व्हायचं.

"आन बाई, एक काम करा," स्वराली म्हणाली. "ह्या माइकचा डबा कमरंला टोचतो. पदर वढला की पडतो. ब्लाऊजला आतनं एक खिसा लावा."

समर्थ वायरीत तोंड घालून हसत होता. तेजश्री अंगठा फोनवर धरून थांबली. करुणाला पुढचा प्रश्न विचारणं भाग होतं, आणि तो एकाच प्रकारे विचारता येत होता. तिनं टेप गळ्यात टाकली.

"खिसा... कुठल्या बाजूला लावू?"

"डाव्या," स्वराली म्हणाली, आणि भिंतीला टेकून इतकी हसली की डोळ्यांतलं काजळ ओघळलं.

परतीच्या एसटीत तेजश्री खिडकीबाहेर बघत बसली. करुणा मांडीवरची टेप गुंडाळत होती, सोडत होती. कात्री दारावरच विसरली हे तिला भवानीनगरला आठवलं, पण सांगायचा धीर झाला नाही.

शेवटी तिनंच विचारलं, "चिडलीस?"

"हो."

"ती शर्टाची गोष्ट आता सांगणार न्हाय म्या. शप्पत."

तेजश्रीनं खिडकीतून तोंड वळवलं. "सांग. पण दोन्ही एकत्र सांग. आणि चहा पाजला होतास का खरंच?"

"न्हाय."

"लटकन?"

"न्हाय गं."

"मम्मी, तू ना," तेजश्री म्हणाली. पण इंदापूर आलं तेव्हा तिचं डोकं करुणाच्या खांद्यावर होतं. झोप लागली होती म्हणून असेल.

पंधरा दिवसांनी मोरपंखी ब्लाऊज तयार होऊन दुकानात हँगरला लागला. दोन्ही खांदे वेगवेगळे, आतून डाव्या बाजूला खिसा. भागुबाईनं त्याला हातशिलाई घातली, बारीक, चष्म्याशिवाय. दुपारी गिऱ्हाइकं दाटली. एकीनं ब्लाऊज उलटून बघितला आणि तिला हसू आवरेना.

"अगं बया! ब्लाऊजला खिसा? कुणाचा गं हा, करुणाताई?"

करुणानं मशीन थांबवली. चार बायका बघत होत्या. "सांगते," ती म्हणाली. "एक टेलरबाई व्हती. मोठी शहाणी. दारावर पाटी लावलेली. तिच्याकडं एक पोर आलं, मापाला शर्ट घिऊन. तर ही शहाणी काय म्हणाली, खिसा कुठल्या बाजूला लावू? मग पोरानं ब्लाऊज नेला, पोतं शिवलेलं. आन परवा बारामतीत..."

आतल्या खोलीतून तेजश्रीचा आवाज आला. "मम्मी, मधलं राहिलं."

"काय राह्यलं?"

"दोन एसट्या."

भागुबाईनं दातानं दोरा तोडला. करुणानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"व्हय," ती म्हणाली. "तर मधी काय झालं..."

"ते नंतर सांगा ताई," एक बाई म्हणाली. "आदी माझा ब्लाऊज कधी देताय ते सांगा."